सूनमुख आणि माझे गाल

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. लपवण्यात अर्थ नाही, पिंपळगावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये मी कैक वर्षं सुपरवायझर आहे. हॉलभर बाया कात्री घेऊन घड साफ करतात. घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लावायचं नाही. लावलं की मण्यांवरची पांढरी लव पुसली जाते आणि मालाचा भाव उतरतो. कुणी बोट लावलं की माझा आवाज कोल्ड स्टोरेजच्या बंद दारातून आत जातो म्हणतात. म्हणू देत. पण मी चोवीस तास रागावलेली नसते हो. मीही जेवते, झोपते, मालिका बघते, नाशिकला परत येताना गाडीत खिडकीशी नुसती बसून राहते. आणि नेमकी तेव्हाच शेजारची बाई विचारते, "मॅडम, काही झालंय का?"

अगं बया, काही झालेलं नसतं!

पन्नाशीपर्यंत माझा चेहरा माझ्या रागाशी प्रामाणिक होता. राग आला की दिसायचा, गेला की जायचा. मग गुडघ्यांसाठी वजन उतरवायला लागलं. ते उतरलं, गुडघे खूश झाले, पण गालांत जे काही होतं ते घसरून जबड्यावर येऊन बसलं. हनुवटीच्या दोन्ही अंगांना छोट्या पिशव्या, ओठांच्या कोपऱ्यांपासून खाली दोन घड्या. आरशासमोर उभी राहून बोटांनी गाल कानाकडे ओढले की मी दिसायची. बोटं सोडली की कुणीतरी खवळलेली बाई दिसायची. तरी एवढ्यावर मी काही केलं नसतं. वय झालं की गाल उतरतात, त्यात काय मोठं. पण मुलाचं लग्न ठरलं.

मुलगी देवळ्याची. घरचा कांदा, पण शिकून नाशकात बँकेत लागलेली. आम्ही बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी पुढे करत तिने आपणहून सांगितलं, "पोहे काकूने केलेत. मला चहाच बरा जमतो." तिची आई कानकोंडी झाली. मला मात्र ती पोरगी तिथेच आवडली. असं सरळ बोलणारं माणूस मला घरात हवंच होतं, नाहीतर आमच्याकडे बाप-लेक दोघेही मूग गिळून बसणारे. परतताना गाडीत मी यांना म्हणाले, "हीच. दुसरी बघायची नाही."

साखरपुडा थाटात झाला. त्यानंतर काही दिवसांनी मुलगा स्वयंपाकघरात माझ्याभोवती घुटमळायला लागला.

"आई, एक विचारू? चिडणार नाहीस ना?"

"विचारल्याशिवाय कसं सांगू?"

"ती म्हणत होती... तुला ती पसंत नाहीये का? तू काही बोलली नाहीस म्हणा. पण तिला तुझी भीती वाटते."

मग त्याने मोबाईलवर साखरपुड्याचे फोटो दाखवले. मी तिची ओटी भरतेय आणि चेहरा असा, की जणू नारळ नासका निघालाय. मी तिला पेढा भरवतेय आणि तोंड असं, की पेढाही तिनेच चोरलाय. 

"अरे, मी किती खूश होते त्या दिवशी!"

"मला माहितीय गं. पण तिला कसं कळणार?"

तिला कसं कळणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्या पोरीच्या जागी मी बसलेली आहे. आमच्याकडे लग्नात सूनमुख बघतात. सासू नव्या सुनेला शेजारी घेऊन बसते, दोघींसमोर आरसा धरतात आणि सासूने त्या आरशात सुनेचं तोंड बघायचं. मग साखर भरवायची. म्हणायला सूनमुख, पण आरसा काही एकतर्फी नसतो. सुनेलाही त्यात सासूचं तोंड दिसतं. माझ्या लग्नात, पिंपळगावच्या मांडवात, मला जे दिसलं ते असं: खाली ओढलेले ओठ, लोंबते गाल, बारीक डोळे. पोटात गोळा आला. मी मनाशी पक्कं केलं, या बाईला मी नकोय.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या तोंडाला भ्यायले. भाजीत मीठ टाकतानासुद्धा मागे वळून बघायची. आणि त्या काय करायच्या? दुधावरची साय वाटीत काढून, वर साखर पेरून, माझ्यासाठी फडताळात झाकून ठेवायच्या. "खाऊन टाक," असं गुरकावायच्या. मी ती साय भीत भीत खाल्ली. वाटायचं, उरलंसुरलं गळ्यात मारतायत. त्या गेल्या, दिवसकार्य उरकलं, आणि त्यानंतर कधीतरी थोरल्या जाऊबाई सहज म्हणाल्या, "सासूबाईंनी साय कधी कुणाला दिली नाय गं. पोरांना बी नाय. तुलाच तेवढी." त्या दिवशी मला रडू आवरेना. एवढी साधी गोष्ट, आणि मला वेळेवर कळली नाही. अजून आठवलं की वाईट वाटतं.

आणि आता व्हिडिओ कॉल लावला की मोबाईलच्या कोपऱ्यातल्या चौकोनात सासूबाई दिसायच्या. आमचं रक्ताचं नातं नाही, तरी तेच तोंड! सूनमुखाच्या वेळी त्या देवळ्याच्या पोरीला आरशात हे दिसणार? ना बाबा ना. तिच्या पोटात तसा गोळा येता कामा नये, एवढं मी ठरवलं.

आधी कॉलेज रोडला माझ्या पार्लरवालीकडे गेले. ती म्हणाली, हल्ली दोरे घालून गाल उचलतात, जेवणाच्या सुट्टीत होतं, कुणाला पत्तासुद्धा लागत नाही. मला ते 'जेवणाच्या सुट्टीत' खटकलं. पॅकहाऊसमध्येही घाईत केलेला माल परत येतो. मुलाने चौकशी करून एका प्लास्टिक सर्जन बाईंची वेळ घेतली. मी यांना सोबत नेलं, म्हणजे ते माझ्यामागे आले.

डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, बोलणं मात्र आखूड. आधी गाल बोटांनी उचलून बघितले, तेही हलक्या हाताने, आम्ही घड उचलतो तसे. मग म्हणाल्या, "हसा. दात दाखवा. गाल फुगवा. डोळे घट्ट मिटा."

"मी काय बालवाडीत आलेय?"

"चेहऱ्याच्या नसा आज कशा आहेत ते बघून ठेवते. नंतर काही बदललं तर मला कळायला हवं."

दोऱ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, जरासं उतरलं असेल त्यांना ते ठीक, तुमचं त्याच्या पुढे गेलंय, दोरे लवकरच ढिले पडतील. मग मी मला समजलं होतं तसं सांगितलं, की म्हणजे कातडी ओढायची आणि उरलेली कापून टाकायची. त्यांनी मान हलवली.

"गादीतला कापूस एका बाजूला गोळा झाला तर तुम्ही काय करता? अभ्रा ओढता?"

"छे! कापूस सारखा करून टाके घालते."

"मग हेही तसंच. कातडीखाली एक पातळ, चिवट पडदा असतो. तो उचलून टाक्यांनी वर बांधायचा. कातडी त्याच्यावर नुसती अंथरायची. कातडीच ओढली तर चेहरा ताणलेला दिसतो आणि थोड्याच दिवसांत परत खाली येतो."

मोठ्या ऑपरेशनमध्ये काप कानामागून केसांत जातो, मानही मोकळी करतात. हे छोटं. काप कानासमोरून निघून पाळीला वळसा घालून थांबतो. जागा बधिर करायची, झोपेचं हलकं औषध द्यायचं, संध्याकाळी घरी. पण लहान काप म्हणजे काम लहान असं समजू नका, आतून ते ऑपरेशनच आहे, असंही त्यांनी बजावलं. मान तशीच राहील. कपाळ, डोळे तसेच राहतील. जबड्यावरच्या पिशव्या जातील, ओठांचे कोपरे मात्र थोडेच उचलतील. आणि काही वर्षांनी गाल आपल्या वाटेने पुन्हा उतरायला लागतील. एखाद्या भाजीवालीने भाजीतला खराब भाग आपणच दाखवावा तसं हे सगळं त्या सांगत होत्या, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला.

"गाल बरेच दिवस बधिर राहतात. आत रक्त साठू शकतं. क्वचित एखादी नस दुखावते, मग ओठ वाकडा चालतो. बहुतेक वेळा तो परत येतो."

त्या 'बहुतेक'कडे मी कानाडोळा केला.

"लसणाच्या गोळ्या घेता? बंद करा, रक्त पातळ होतं. आणि शेवटचं. ऑपरेशननंतर दोन आठवडे रागवायचं नाही. बीपी चढलं की आत रक्त साठतं."

यांनी घाईघाईने खिडकीबाहेर बघितलं. खांदे हलत होते. मी सगळं बघत होते.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणासाठी करताय?"

"होणाऱ्या सुनेसाठी."

"तिला विचारलंत?"

"तिला कशाला विचारायचं? गाल माझे आहेत."

"गाल मी वर नेईन," त्या म्हणाल्या. "तिला काय वाटेल ते माझ्या हातात नाही."

गणपती उठले, पॅकहाऊस बंदच होतं, तेव्हा ऑपरेशन करून घेतलं. मला अर्धवट आठवतं. दुखलं नाही, पण कुणीतरी ब्लाऊजची शिवण उसवतंय असं कानाशी ऐकू येत होतं, आणि डॉक्टर नर्सला साबुदाणा कसा भिजवायचा ते सांगत होत्या. शुद्धीवर आले तेव्हा डोक्याभोवती, हनुवटीखालून पट्टी. आरशात बघितलं तर हुबेहूब दाढदुखीचा पेशंट. तिथेच मला थाप सुचली. घरात बाप-लेकाला दम दिला, की बाहेर कुणालाही कळता कामा नये, आईची अक्कलदाढ काढली एवढंच सांगायचं. दम दिला म्हणजे हळू आवाजात दिला. रागवायची बंदी होती ना! ते दोन आठवडे या दोघांनी दिवाळी साजरी केली. टॉवेल पलंगावर, चहाचे कप सोफ्याखाली, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं की मुलगा बोट वर करून म्हणायचा, "आई, बीपी."

सूज चढली, गाल निळे झाले, मग पिवळे. उशा रचून उताणं झोपायचं, वाकायचं नाही, बर्फाचा गार कपडा लावायचा. सगळं केलं. गालाला हात लावला तर दुसऱ्याच बाईच्या गालाला लावल्यासारखं वाटायचं. पण पिशव्या गेल्या होत्या. सुजेखालून माझा जबडा दिसायला लागला होता. मी खुशीत येऊन आरशात हसले.

आणि आरसा आणखी जवळ ओढला. डावीकडचा खालचा ओठ उतरला, दात दिसले. उजवीकडचा जागचा हललाच नाही. तोंड असं वाकडं, की मी कुणाची तरी टर उडवतेय. आधी नुसती रागीट दिसत होते, आता रागीट आणि कुचकी. सगळं वर उचलायला गेले आणि जे खाली यायला हवं तेच येईना!

डॉक्टरांनी तपासलं. "नसेला ताण बसलाय. तुटलेली नाही. थांबावं लागेल."

"किती?"

"काही आठवडे. कदाचित महिने."

लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं. हे त्या नसेला कोण सांगणार? मी घरी येऊन पदर तोंडाला लावला तो लावलाच. मुलगी बँकेतून येताना भेटायला येते म्हणाली, मी दाढ पुढे केली. व्हिडिओ कॉल आला की कॅमेऱ्यावर बोट ठेवायची. आणि मग बस्त्याचा दिवस आला. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी येवल्याला जाणार, आणि सुनेचा शालू सासूने पसंत करायचा, ही आमच्याकडची रीत. मी गेले नाही. हे आणि मुलगा गेले, जाऊबाई गेल्या, अख्खा गोतावळा गेला. मी घरात बसून राहिले.

मुलगा परत आला तो तोंड पाडून. "तिने शालू घेतलाच नाही गं. दुकानदाराने ढीग घातला. ती म्हणाली, आईंच्या पसंतीने घेऊ, आई बऱ्या झाल्या की. परतताना गाडीत एक शब्द बोलली नाही." मग म्हणाला, "तिला वाटतं, तू मुद्दाम आली नाहीस."

मी जे टाळायला गेले तेच माझ्या हाताने करून बसले होते. ती पोरगी सूनमुखाच्या आधीच घाबरून गेली होती. मला रडताही येईना, कारण रडताना तोंड आणखी वाकडं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पिंपळगावहून जाऊबाई थडकल्या. भांडायलाच आल्या होत्या. "सुनंच्या बस्त्याला सासू नाय, लोकं काय म्हनतील?" असं दारातूनच सुरू झालं. माझ्या हातून पदर सुटला आणि मी "ताई, ऐका तरी" म्हणाले. त्या थबकल्या. जवळ येऊन बघायला लागल्या.

"आगं माय! तोंड वाकडं झालंय की तुझं! दाढ काढल्यानं असं व्हत नाय. वारं गेलंय तोंडावरून. येवढं झालं आन कुणाला सांगितलं नाय?"

त्यांनी भांडण तिथेच टाकलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एरंड माजलेला त्यांनी येताना हेरला होता. पानं तोडून आणली, तेल लावून तव्यावर तापवली आणि मला खुर्चीत बसवून उजव्या गालाला शेक द्यायला लागल्या. मी नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं तर ऑपरेशनचं सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू? मनात आलं, बघू तरी करून. डॉक्टरांचं 'बहुतेक' छातीवर दगड होऊन बसलं होतं.

"लागतंय का?"

"नाही, ताई."

"मग थांब, अजून तापवते."

असं तीन-चारदा झालं. मला काहीच लागत नव्हतं. लागणार कसं, गाल बधिर! मग एकाएकी जाऊबाईंचा हात थांबला. "आगं, हे काय आलं?" मी आरसा घेतला. कानाच्या पुढे चांगला रुपयाएवढा फोड टरारला होता, आणि त्याच्या कडेला टाक्यांची गुलाबी रेघ. जाऊबाईंनी ती रेघही बघितली.

मग सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. "मी तुला भाजलं गं. तू सांगायचं तर व्हतं. मला काय ठाऊक?" मला त्यांची इतकी दया आली, की माझा फोड मी विसरले. दोघी तशाच रिक्षात बसलो.

डॉक्टरांनी गाल बघितला. "हे कशाने?"

"शेकाने."

"बधिर गालाला शेक? आणि लागत नाही म्हणून तुम्ही आणखी तापवत गेलात?"

जाऊबाई म्हणाल्या, "ती दाढ म्हनाली व्हती वो मला."

डॉक्टरांनी एक दीर्घ श्वास घेतला. मग म्हणाल्या, वरवरचं भाजलंय, टाक्यांना धक्का नाही, मलम देते, डाग राहिलाच तर केसांखाली जाईल. थोडक्यात वाचलात. आम्ही दोघींनी एकदमच हुश्श केलं. डॉक्टर उठता उठता म्हणाल्या, "आलाच आहात तर दात दाखवा."

मी दाखवले. त्या वाकून बघायला लागल्या.

"परत."

परत दाखवले.

"हलतोय," त्या म्हणाल्या. "जरासाच, पण हलतोय. नस जागी होतेय. येईल हा ओठ."

"बघा! शेकानं!" जाऊबाई ओरडल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आणि मी त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. तोंड कसं का दिसेना!

परतीच्या रिक्षात जाऊबाईंनी आधी माझा गाल पुन्हा निरखून बघितला. मग म्हणाल्या, "सासूबाईंसारखं तोंड झालं म्हनून कापून घेतलंस व्हय? काय वाईट व्हतं त्या तोंडात?"

"मला भीती वाटायची त्याची."

"मला नाय वाटायची."

"तुम्हाला कशी नाही वाटायची?"

"मी इचारलं व्हतं ना त्यांना. सूनमुख बघताना. आत्याबाई, राग आलाय का? त्या म्हनल्या, नाय गं पोरी, माझं तोंडच असं हाय." जाऊबाई हसल्या. "तव्हापासून काय भ्यायचं?"

 एकाच घरात, एकाच बाईच्या दोन सुना. एकीने एकदा विचारलं आणि मोकळी झाली. दुसरी जन्मभर वाटीतली साय भीत भीत खात राहिली.

"मी कुणाला सांगायची नाय," असं जाऊबाईंनी रिक्षातून उतरताना माझी शपथ घेऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत वणीहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, गाल कसे आहेत?" म्हणजे देवळ्याला कळलं असणारच. मुलीच्या आईचा फोन आला, अगदी जपून बोलल्या. मुलीचा फक्त मेसेज आला: 'आई, काळजी घ्या.' खाली दोन जोडलेले हात. त्या दोन हातांवर मी आठवडाभर डोकं लावलं. नमस्कार म्हणायचाय की सोडा आता म्हणायचंय? शालूचे फोटो तिने मुलाच्या मोबाईलवर पाठवले, मी त्यातला वांगी रंगाचा निवडला, तिने 'छान' लिहिलं. छान म्हणजे काय, ते काही कळेना.

फोड वाळला. सूज उतरली. रोज सकाळी चूळ भरून आरशासमोर दात विचकायचे, हा माझा नेम झाला. दिवाळीत ओठ निम्मा उतरायला लागला. तुळशीच्या लग्नापर्यंत नुसतं हसलं तर कळायचं नाही, खदाखदा हसलं तर जरासं वाकडं. पिशव्या गेल्या त्या गेल्याच. लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले तेव्हा पॅकहाऊसमधल्या बाया म्हणाल्या, मॅडम बारीक झाल्या. एकीने तर विचारलं, "मॅडम, झोप चांगली लागते का हल्ली?" म्हणजे काम फत्ते.

लग्न हायवेवरच्या एका लॉन्सवर झालं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, फोटोवाल्यांनी जीव नकोसा केला. मग सूनमुखाला बसलो. वांगी शालूतली ती माझ्या डावीकडे, मांडीला मांडी लावून. तिचे हात थंडगार पडले होते, मला जाणवत होतं. समोर जाऊबाई आरसा घेऊन उभ्या राहिल्या, आणि पोटात गोळा आला तो माझ्याच. एवढं सगळं कशासाठी केलं, तर या क्षणासाठी. मी मनातल्या मनात ओठाला बजावलं, बाबा रे, आज तेवढा उतर. आणि आरशात बघितलं.

बघायचं होतं मला माझं तोंड. पण आधी दिसली ती. मुंडावळ्यांमधून दिसणारा एवढासा चेहरा, ओठ घट्ट आवळलेले, दोन्ही कोपरे खाली ओढलेले, डोळे बारीक. साखरपुड्याच्या फोटोत मी जशी दिसत होते, अगदी तशी. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हिला मी नकोय.

तेव्हा मला आरसा धरणाऱ्या जाऊबाई दिसल्या, आणि मी तोंड तिच्या कानाशी नेऊन विचारलं, "राग आलाय का गं?"

ती दचकली. "नाही हो आई! रडू आवरतेय. काजळ उतरेल ना." मग आरशातूनच माझ्याकडे बघत तिने अगदी हळू विचारलं, "तुम्हाला आलाय?"

इतक्या दिवसांत तिने मला स्वतःला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नाही गं पोरी," मी म्हणाले. "माझं तोंडच असं आहे."

ती फिस्सकन हसली. हसता हसता काजळ उतरलं. मग मलाही हसू आवरेना. साखर भरवायला घेतली ती निम्मी शालूवर सांडली, मागून यांचा आवाज आला, "अगं, झालं काय?" आणि आम्ही दोघी आणखीच हसत सुटलो.

माझा उजवा ओठ उतरला की नाही, ते आरशात बघायचं राहूनच गेलं. जाऊबाई म्हणतात, उतरला होता. शेकानं.